किनारा शांत नसतो

समुद्रकाठच्या एखाद्या मच्छीमार गावाचे प्रवासवर्णन हाती घ्यावे आणि त्याच्या पहिल्याच परिच्छेदात ‘निवांत’ हा शब्द भेटू नये, असे आमच्या वाचनात क्वचितच घडले आहे. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून, दिवाळी अंकांतून आणि अलीकडे मोबाईलवरून फिरणाऱ्या मजकुरांतून अशी वर्णने उदंड येतात. त्यांचा साचा ठरलेला असतो. मुंबई, पुणे वा बंगळूर येथील गर्दीला लेखक विटतो, पाठीवर पिशवी टाकून निघतो, घाट उतरतो, माडांच्या राईत पोहोचतो, वाळूत बसून सूर्यास्त पाहतो, मासळीचे ताट जेवतो आणि तिसऱ्या दिवशी ‘स्वतःला भेटून’ परततो. गावात त्याला स्वतःखेरीज आणखी कोणी भेटले की नाही, हे मात्र शेवटपर्यंत कळत नाही.

अशा प्रवासाला आमचा विरोध आहे, असे कोणी समजू नये. पाठीवर ओझे घेऊन, थोडक्या पैशांत, पायी वा मिळेल त्या वाहनाने हिंडणे ही आपली जुनीच रीत होय. आमचे आक्षेप लेखनाविषयी आहेत. आम्ही पेशाने वकील असल्यामुळे, साक्षीदार काय सांगतो यापूर्वी तो जागेवर किती वाजता हजर होता, हे विचारण्याची आम्हांस खोड जडली आहे. या लेखकांस तो प्रश्न केला तर बहुधा उत्तर येईल की सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत. म्हणजे होड्या काठाला लागून, मासळीचा लिलाव आटोपून, बायका पाट्या घेऊन बाजाराला गेल्यानंतर! जे गाव रात्रभर जागून दमले आहे, त्याच्या दुपारच्या डुलकीला हे गृहस्थ ‘शांती’ म्हणतात.

गेल्या माघात आम्हीही अशीच एक पिशवी पाठीला लावून नंदगडहून निघालो. खानापूरला गाडी धरली, लोंढा, मडगाव करीत कारवारला उतरलो. एका खारवीवाड्यालगत वाळूत बसलो असता जाळे विणीत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईस आम्ही सहज म्हणालो, “किती शांत आहे हो तुमचा गाव!” तिने मान वर न करताच उत्तर दिले, “फांतोडेर येवन पळय रे बाबा.” पहाटे येऊन पाहा! गेलो, आणि टीकाकार म्हणून आमची फजिती झाली. इंजिनांची धडधड, बर्फाचे तुकडे, भावाची हमरीतुमरी, कावळे आणि कुत्री. बेळगावच्या भाजीबाजारातही याहून अधिक कोलाहल नसावा. ज्या साच्याची आम्ही थट्टा करीत होतो, त्यातलेच वाक्य आमच्या तोंडून निघाले होते.

या किनाऱ्याने दोन मोठे साक्षीदार पाहिले आहेत. पहिले रवींद्रनाथ ठाकूर. १८८३ साली, ऐन बाविशीत, ते कारवारला राहिले. त्यांचे वडील बंधू सत्येंद्रनाथ तेथे जिल्हा न्यायाधीश होते. कलकत्त्यासारखे राजधानीचे शहर सोडून समुद्रकाठच्या लहानशा गावी आलेला हा तरुण आजच्या पिशवीधारी प्रवाशाचा पूर्वजच म्हटला पाहिजे. ‘जीवनस्मृती’त त्यांनी अर्धचंद्राकार किनाऱ्याचे, काळी नदीतल्या नौकाविहाराचे आणि चांदण्या रात्रीचे जे वर्णन केले आहे, त्यातही निःशब्दतेचीच मोहिनी आहे. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. याच कारवारात त्यांनी ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाटक लिहिले. त्यातील संन्यासी सर्व बंधने तोडून अनंताच्या शोधात निघालेला असतो. एक अनाथ मुलगी त्याला माणसांच्या जगाकडे ओढते. तो तिला टाकून जातो, आणि पश्चात्ताप पावून परत येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. समुद्राच्या सान्निध्यात बसून कवीने अखेर लिहिले ते एका पोरक्या मुलीविषयी. किनाऱ्यावरील एकान्ताला त्याच किनाऱ्यावर दिलेले याहून नेमके उत्तर आमच्या माहितीत नाही.

दुसरे साक्षीदार आमच्या मुलखातले, बेळगुंदीचे काकासाहेब कालेलकर. वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे त्यांच्या बालपणाचा काही काळ कारवारला गेला. पुढे १९१२ साली हिमालयात शेकडो मैल पायी हिंडलेला हा माणूस, तेव्हा पाठीवरच्या ओझ्याची थोरवी त्यांना कोणी शिकवावी असे नव्हते. तरीही ‘स्मरणयात्रे’तला समुद्र हा देखावा नाही. घर, शाळा, भावंडे यांच्यासोबत तो शेजाऱ्यासारखा येतो. त्याची ओढ वाटते आणि भीतीही वाटते. कालेलकर तेथे ‘स्वतःला भेटायला’ गेले नव्हते. राहायला गेले होते. राहणारा आणि पाहणारा यांच्या गद्यात जो फरक पडतो, तो शैलीचा नव्हे, नात्याचा होय. आजच्या प्रवासवर्णनांत भाषा पुष्कळदा चांगली असते. कमी पडते ते हे नाते.

कोणी म्हणेल की एका विशेषणावर एवढा खल कशासाठी? विशेषणाची किंमत आम्ही न्यायालयात पाहिली आहे, म्हणून. ज्या जागेला लिहिताना आपण ‘निर्जन’ म्हणतो, ती कागदावर रिकामी होते. आणि रिकाम्या जागेला मालक शोधायला वेळ लागत नाही. किनाऱ्यावरील वाळू रिकामी नसते. तेथे मासळी वाळते, जाळी पसरतात, होड्या ओढल्या जातात. होडीने जाळे अर्धवर्तुळात टाकावे आणि दोन्ही टोके धरून साऱ्या वाड्याने ते किनाऱ्यावर ओढावे, अशी रापणीची रीत. तिला काठावर लांबरुंद मोकळी वाळू लागते. १९७०च्या दशकात यांत्रिक मासेमारी फोफावल्यावर कारवारपासून मंगळूरपर्यंत रापण मागे पडली. गोव्यात रापणकारांनी ट्रॉलरांविरुद्ध मोठे आंदोलन केले. १९८६ साली कारवारजवळ ‘सीबर्ड’ या नौदल प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि २००५ साली तळ कार्यान्वित झाला. देशाच्या संरक्षणाची गरज कोण नाकारील? परंतु अर्गे परिसरातून उठलेल्या शेतकरी व मच्छीमार कुटुंबांचे भरपाईचे दावे वर्षानुवर्षे चालले, हेही त्याच किनाऱ्याचे वर्णन आहे.

कायद्याने तरी माणसे मोजली आहेत. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरांपर्यंत नवे बांधकाम वर्ज्य केले. २०११ च्या अधिसूचनेने त्यातील १०० ते २०० मीटरांच्या पट्ट्यात पारंपरिक मच्छीमारांच्या घरांना स्थान दिले. २०१९ च्या अधिसूचनेने, जेथे दर चौरस किलोमीटरमागे २१६१ हून अधिक वस्ती आहे तेथे ती २०० मीटरांची मर्यादा ५० वर आणली. या फेरबदलांचे गुणदोष हा वेगळा विषय. पण रूक्ष अधिसूचनेलाही जी वस्ती दिसते, ती रसिक लेखकाला दिसू नये, हे साहित्याला भूषणावह नाही.

परतीच्या आधी आम्ही गोकर्णास गेलो. कुडले आणि ओम या किनाऱ्यांवर पाठीला पिशव्या लावलेली देशोदेशीची तरुण मंडळी होती. इकडे महाबळेश्वराच्या वाटेवर शिवरात्रीची लगबग सुरू झाली होती. पिशवी दोघांच्याही पाठीवर. भेद एवढाच दिसला की यात्रेकरूला कोटितीर्थापाशी कोणीतरी विचारतो, “गाव खंयचें? गोत्र कितें?” आणि तो उत्तर देतो. आपली ओळख दिल्याशिवाय क्षेत्री प्रवेश होत नाही, असा जुना संकेत. त्या संकेतात संकुचितपणाही होता, हे आम्ही मान्य करतो. दाराबाहेर किती जणांस ठेवले गेले याचा हिशोब आपल्या समाजाने अजून पुरता दिलेला नाही. तथापि येणारा आणि राहणारा एकमेकांना प्रश्न विचारतात, ही त्यातली ठेवण्याजोगी गोष्ट होय. नव्या प्रवाशाला कोणी काही विचारीत नाही, तोही कोणाला विचारीत नाही, आणि या परस्पर अबोल्याला तो शांतता समजतो.

आमच्या गावाचे आणि किनाऱ्याचे नाते मिठाचे आहे. एके काळी गोव्याकडून घाट चढून मीठ, नारळ, सुपारी नंदगडच्या पेठेत येत आणि धान्य बाहेर जाई. समुद्र न पाहिलेल्या आमच्या आज्यांना तो जेवणातून ठाऊक होता. आता नंदगडलाही पाहुणे येतात. संगोळ्ळी रायण्णास २६ जानेवारी १८३१ रोजी येथे फाशी दिले गेले, त्याच्या समाधीजवळचा वड पाहून ते छायाचित्र घेतात आणि निघताना म्हणतात, “किती शांत गाव आहे हो!” आम्ही हसून मान डोलावतो. पेठेतली उधारी, शेताचे तंटे, बेळगावच्या कोर्टातल्या तारखा, भाषेच्या सीमेवर राहण्याची रोजची ओढाताण, यांतले काही त्यांना दिसलेले नसते. तेव्हा मनात जे खट्टू होते, तेच त्या जाळे विणणाऱ्या बाईच्या मनात आले असेल.

म्हणून प्रवासलेखकांस आमची एवढीच विनंती. अवश्य जा, पिशवी हलकी ठेवा. पण लिहिण्यापूर्वी एक पहाट जागून काढा, आणि ज्या गावचे वर्णन करणार त्या गावातल्या एखाद्या तरी माणसाला वाचून दाखवता येईल असे लिहा. त्याने ऐकताना मान वर केली, तर ते साहित्य.