बिबट्या आणि पाचशे मैलांची ईमेल

आमच्या नारायणगाव-मंचर पट्ट्यात नेट गेलं की कारण तयार असतं : "बिबट्यानं केबल खाल्ली असेल." सगळे हसतात आणि तक्रार राहून जाते. या विनोदावर माझा आक्षेप आहे. तो नेमका काय, हे मला ट्रे हॅरिसचा किस्सा वाचून कळलं.

हॅरिस अमेरिकेतल्या एका विद्यापीठात ईमेलची यंत्रणा सांभाळायचा. २००२ साली त्याने लिहिलेला हा किस्सा आजही फिरतो. संख्याशास्त्र विभागाचा प्रमुख फोनवर सांगतो, आमची ईमेल पाचशे मैलांपलीकडे जात नाही. हॅरिसला वाटतं, ईमेलला अंतर काय कळतंय! पण विभागाने काही दिवस रीतसर नोंदी ठेवलेल्या असतात. शेवटी उलगडा होतो : सर्व्हरवर चुकून जुना प्रोग्रॅम बसलाय, त्यामुळे उत्तराची वाट बघायची मुदत शून्य झालीय. प्रत्यक्षात तो जेमतेम ३ मिलिसेकंद थांबतो. तेवढ्यात प्रकाश जातो साधारण ९०० किलोमीटर, म्हणजे ५६० मैल.

किस्स्यात खोट आहे. निरोपाला जाऊन परतही यावं लागतं, शिवाय फायबरमध्ये प्रकाशाचा वेग एक तृतीयांशाने घटतो. म्हणजे मर्यादा ३०० किलोमीटरच्या आसपास यायला हवी. रंजकतेसाठी तपशील थोडे बदललेत, असं हॅरिस सुरुवातीलाच सांगून टाकतो. तरी किस्सा टिकतो, कारण वेडगळ वाटणारा माणूस बरोबर निघतो आणि आपण स्वतःवरच हसतो. बिबट्याच्या विनोदात तक्रार करणाराच येडा ठरतो.

उशीर मोजणारी माणसं आमच्याकडेही आहेत. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, त्यातल्या १६ तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. त्यांचे सिग्नल फायबरने खोडदला येतात, किलोमीटरमागे साधारण ५ मायक्रोसेकंद घेत. हा फरक हिशेबात धरल्याशिवाय ते जुळतच नाहीत.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भावाचा परीक्षेचा फॉर्म अपलोड होता होता अडकला. बिबट्याचा विनोद झाला आणि मुदत टळली. तेव्हापासून तो वहीत वेळा लिहितो. त्याचा निष्कर्ष : लाइट गेली की वीस मिनिटांनी नेट जातं. ऐकून आम्ही पुन्हा हसलो. पण या वेळी तक्रारीत लिहायला काहीतरी होतं.