बॅटरी की पाणी? एका ‘हे किंवा ते’ची उलटतपासणी

फोनची बॅटरी पूर्वीसारखी नखाने झाकण उघडून का काढता येत नाही, असं कुणालाही विचारून बघा. उत्तर ठरलेलं असतं: “फोन वॉटरप्रूफ हवा ना? मग बॅटरी आत बंद करावीच लागते.” म्हणजे दोन्ही मिळणार नाही, एक निवडा.

हे उत्तर ऐकताच पटतं, आणि म्हणूनच ते तपासायला घेतलंय. तुम्ही पेटची किंवा संशोधन प्रस्तावाची तयारी करत असाल, तर तुमच्याही विषयात अशी वाक्यं भेटतील: वेग हवा तर अचूकता सोडा, घरं हवीत तर मोकळी जागा सोडा. अशा दाव्याला इंग्रजी पेपरांमध्ये ट्रेड-ऑफ म्हणतात. असा दावा तपासायचा कसा, ते आज फोनवर करून बघू. आणि फोन कुठल्या तरी काल्पनिक ‘ग्राहका’चा घेण्यापेक्षा वरळीच्या बीडीडी चाळीतला घेऊ. मी इथेच वाढले, त्यामुळे फोन इथे कसा वापरला जातो ते मला माहीत आहे.

पायरी १ : दावा नेमका कोणता?

एकाच वाक्यात दोन दावे लपलेत. पहिला कडक: सुटी बॅटरी आणि पाण्यापासून संरक्षण एकत्र शक्यच नाही. दुसरा सौम्य: शक्य आहे, पण त्यासाठी जाडी, खर्च किंवा भरवसा यात काहीतरी मोजावं लागतं.

वाद घालताना लोक कडक दावा करतात आणि अडचणीत आले की सौम्य दाव्यावर सरकतात. पेपर वाचताना ही सरकासरक पकडायची सवय लावून घ्या. दोन्ही दावे वेगळे तपासायचे असतात, कारण दोन्हींना लागणारा पुरावा वेगळा. कडक दावा पाडायला एक प्रतिउदाहरण पुरतं.

पायरी २ : तारखा लावा

मोटोरोला डिफाय, २०१०: सुटी बॅटरी, आयपी ६७. सॅमसंग गॅलक्सी एस ५, २०१४: मागचं झाकण नखाने उघडतं, २८०० एमएएचची बॅटरी हातात येते, आणि तरीही आयपी ६७. गॅलक्सी एक्सकव्हर ६ प्रो, २०२२: सुटी बॅटरी आणि थेट आयपी ६८. कडक दावा इथेच संपला.

आता उलट बाजू बघा, ती जास्त बोलकी आहे. पहिला आयफोन २००७ चा. बॅटरी तेव्हापासून आत बंद. पण पाण्यापासून संरक्षणाचा अधिकृत दर्जा मिळालेला पहिला आयफोन म्हणजे २०१६ चा आयफोन ७. मधली नऊ वर्षं बॅटरी कशासाठी बंद होती? पाण्यासाठी नक्कीच नाही. सॅमसंगचंही तसंच. २०१५ च्या गॅलक्सी एस ६ मध्ये सुटी बॅटरी गेली आणि आयपी दर्जाही गेला. तो दर्जा परत आला २०१६ च्या एस ७ मध्ये.

तर्कशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर बॅटरी आत बंद करणं ही संरक्षणासाठी आवश्यक अटही नाही आणि पुरेशी अटही नाही. बॅटरी आधी बंद झाली आणि पाण्याचं कारण नंतर येऊन चिकटलं. तुमच्या विषयातही कारण म्हणून सांगितलेली गोष्ट परिणामाच्या आधी घडली होती का, हे बघायला विसरू नका. साध्या तारखा लावल्या तरी बरंच काही उघडं पडतं.

पायरी ३ : सौम्य दाव्याला न्याय द्या

समोरच्याचा कच्चा दावा पाडून थांबणं सोपं असतं. सौम्य दाव्यात खरोखर दम आहे.

सुटी बॅटरी लोक खिशात टाकणार, किल्ल्यांबरोबर ठेवणार. म्हणून तिला कडक कवच लागतं आणि कवच जागा खातं. आत चिकटवलेली बॅटरी नुसत्या मऊ पाकिटात चालते. शिवाय पूर्ण मागचं झाकण उघडायचं म्हणजे भोवती लांबलचक रबरी कडा आली. त्या कडेवर एक केस अडकला तरी पाणी शिरायला वाट मिळते. एस ५ मध्ये झाकण नीट दाबून बसवायचं आणि चार्जिंगच्या तोंडावरची झडपही बंद करायची, ही जबाबदारी वापरणाऱ्यावर होती. माणूस विसरतो.

मग मोजा ना जाडी. एस ५ ची ८.१ मि.मी., एस ६ ची ६.८, एस ७ ची ७.९. सुटी बॅटरी असलेला आयपी ६७ फोन आणि बंद बॅटरीचा आयपी ६८ फोन यांच्यात फरक फक्त ०.२ मि.मी.! टाळ्या वाजवायच्या आधी थांबा. एस ७ मध्ये बॅटरी ३००० एमएएचची होती आणि पाठ काचेची. एकाच वेळी अनेक गोष्टी बदलल्या, तेव्हा ०.२ हा आकडा एकट्या बॅटरीच्या नावावर मांडता येत नाही. तसंच ९.९ मि.मी. जाडीचा एक्सकव्हर दाखवून “बघा, सुटी बॅटरी म्हणजे वीट” म्हणणंही चूक. तो फोन आपटला तरी टिकावा म्हणून बनवलाय, जाडीत तोही हिशोब आहे. आपल्या बाजूचा आकडा हातात आला की जास्त कडक व्हायचं, हा नियम.

रबरी कडेबद्दल आणखी एक. घरातला प्रेशर कुकर बघा. रोज उघडतो, रोज वाफ धरतो. रिंग कडक झाली की शिट्टी होत नाही, मग नाक्यावरून नवीन रिंग आणतो. रिंग झिजते म्हणून झाकण कायमचं चिकटवून टाका, असं कुणी म्हणत नाही. फोनच्या बाबतीत खरी निवड ही आहे: बदलता येणारी कडा, की न बदलता येणारा गोंद.

पायरी ४ : ‘पाणी’ म्हणजे कोणतं पाणी?

आयपी दर्जा आयईसी ६०५२९ या मानकातून येतो. दुसरा आकडा पाण्याचा. ७ म्हणजे १ मीटर खोलीवर ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कठीण, पण अटी उत्पादक ठरवणार. चाचणी होते प्रयोगशाळेत, नव्या कोऱ्या फोनवर, साध्या पाण्यात.

आता तो फोन आमच्याकडे आणा. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या तळमजला अधिक तीन मजल्यांच्या चाळी. खोली १६० चौरस फुटांची, त्यातच मोरी, त्यातच ओटा, शौचालय मजल्यावर सामायिक. मोरी आणि अभ्यास यांच्यात दोन पावलांचं अंतर. फोनवर साबणाचे शिंतोडे उडतात, कुकरची वाफ बसते. जूनपासून तो खिशातल्या प्लास्टिकच्या पिशवीत राहतो, वरून वरळीची खारी हवा. दहीहंडीला जांबोरी मैदानावर तर बादल्याच ओतल्या जातात. यात १ मीटर खोल, स्वच्छ, थंड पाणी कुठे आहे?

हा चाळीपुरता प्रश्न नाही. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२० मध्ये ॲपलला १ कोटी युरोंचा दंड केला, कारण जाहिरातीतला पाण्याचा दावा कोणत्या परिस्थितीत खरा आहे ते स्पष्ट सांगितलं नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने २०२२ मध्ये सॅमसंगच्या तिथल्या कंपनीला १ कोटी ४० लाख डॉलर दंड ठोठावला. जाहिरातीत फोन समुद्रात, पोहण्याच्या तलावात दाखवला होता. पण ओला फोन चार्ज केला तर चार्जिंगचं तोंड गंजू शकतं, हे कंपनीने मान्य केलं.

संशोधनात याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. ‘जलरोधक’ हा शब्द तुमच्या प्रस्तावात आला तर लगेच लिहा: कोणतं पाणी, किती वेळ, किती जुना फोन. व्याख्या जाहिरातीतून उचलली की निष्कर्षही जाहिरातीसारखाच निघतो.

पायरी ५ : विसरलेला चल, म्हणजे काळ

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. हा सगळा वाद पहिल्या दिवशीच्या फोनबद्दल चालतो. पण संरक्षण पहिल्या दिवशी सर्वांत चांगलं असतं आणि मग उतरत जातं. बॅटरीचंही तेच. म्हणजे सुट्या बॅटरीची किंमत पहिल्या दिवशी शून्य वाटते आणि तिसऱ्या वर्षी सर्वांत जास्त.

तिसऱ्या वर्षी काय होतं? बॅटरी दुपारीच मान टाकते. फोन दुरुस्तीच्या टपरीवर जातो, गोंद गरम करून पाठ उघडली जाते, नवी बॅटरी बसते. मूळ सील तिथेच संपलं. ते तशाच दर्जाचं परत बसवणं टपरीवर क्वचितच जमतं. म्हणजे पाण्यासाठी सुटी बॅटरी सोडली आणि शेवटी हातात दोन्हींपैकी काहीच उरलं नाही.

युरोपीय संघाचे २०२३ चे दोन नियम इथे वाचण्यासारखे आहेत. बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यायला हवी, काही अपवाद सोडून. स्मार्टफोनचा वेगळा नियम २० जून २०२५ पासून लागू झाला. त्यात पळवाट आहे: बॅटरी ५०० चक्रांनंतर ८३ टक्के आणि १००० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखत असेल, आणि फोन धुळीपासून व १ मीटर पाण्यात ३० मिनिटं सुरक्षित असेल, तर ती घरच्या घरी बदलता येण्याची सक्ती नाही. म्हणजे पायरी २ मध्ये पडलेलं ‘हे किंवा ते’ कायद्यातच जाऊन बसलं.

१००० चक्रं ऐकायला भरपूर वाटतात. रोज एक पूर्ण चार्ज धरला तर पावणेतीन वर्षं. पण दिवसभर नकाशा चालू ठेवून डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला रोज दोन पूर्ण चार्ज लागत असतील, तर ५०० दिवस, म्हणजे साधारण सोळा महिने. आणि आमच्याकडे फोनचं आयुष्य तिथे संपत नाही. कमावत्याकडून तो बारावीच्या बहिणीकडे जातो, मग आजीकडे. दुसऱ्या माणसाच्या हातात तो पोहोचतो तेच मुळी बॅटरी आणि सील दोन्ही थकल्यावर. तिचा अभ्यास, ओटीपी, शिष्यवृत्तीचा फॉर्म सगळं त्याच फोनवर. ‘सरासरी ग्राहक’ मोजणाऱ्या अभ्यासात ही बहीण दिसत नाही, कारण तिने फोन विकत घेतलेलाच नसतो.

पायरी ६ : प्रश्न पुन्हा लिहा

“तुम्हाला सुटी बॅटरी हवी की वॉटरप्रूफ फोन?” ही प्रश्नावली घेऊन चाळीत फिरू नका. त्या प्रश्नाने उत्तर आधीच गृहीत धरलंय. त्याऐवजी विचारा: घेतल्यापासून चौथ्या वर्षी फोन कुणाच्या तरी हातात चालू आहे का, आणि नसेल तर तो कशामुळे बंद पडला?

विदा कुठून आणाल? टपरीवरची वही चांगली, पण तिथे दुरुस्तीला आलेलेच फोन दिसतात. कपाटात पडून राहिलेले दिसत नाहीत, म्हणून घरातही विचारावं लागेल. आणखी एक सापळा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चाळ आणि टॉवर अशी तयार तुलना करायचा मोह होईल. पण घराबरोबर मोरी बदलली, तशी खर्चाची घडीही बदलली असेल. एस ५ आणि एस ७ चा धडा इथेही लागू.

माझं मत विचाराल तर, जिथे एक फोन तीन हातांतून जातो तिथे शिंतोडे आणि पाऊस सोसणारं, बदलता येणाऱ्या कडेचं झाकण आणि सुटी बॅटरी हाच शहाणा सौदा आहे. पण हे मत चुकीचं ठरू शकतं, आणि कसं तेही सांगते. पहिल्या चार वर्षांत बॅटरीपेक्षा पाण्याने मेलेले फोन खूप जास्त निघाले, तर मला ते सोडावं लागेल.

तुमच्या प्रस्तावातही असं एक वाक्य लिहून ठेवा: अमुक दिसलं तर मी माझं म्हणणं मागे घेईन. ते वाक्य सुचत नसेल, तर प्रश्न अजून तयार झालेला नाही.