चोरी कोणाची? : बाबुराव बागुल यांच्या एका कथेविषयी

बाबुराव बागुल (१९३०–२००८) यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील शीर्षककथेचे वाङ्मयीन मोल समीक्षकांनी केव्हाच मान्य केले आहे. आम्ही तिच्याकडे वळतो ते एका व्यावहारिक प्रश्नासाठी : घर कोणाला मिळते?

रेल्वेतील नोकरीसाठी गुजरातेत उधना येथे आलेल्या दलित तरुणाची ही कथा. नोकरी आहे, भाडे देण्याची तयारी आहे. तरी जात सांगितली तर छप्पर मिळणार नाही, म्हणून तो ती लपवितो. जात उघड होताच त्यास मारहाण होते. सोडवावयास धावतो तो दुसरा दलित कामगार, काशीनाथ.

‘चोरली’ या क्रियापदात कथेचे मर्म आहे, असे आम्हांस वाटते. समाज त्या तरुणास चोर ठरवितो. परंतु चोरीविरुद्धची आज्ञा शिकविणाऱ्यांनी विचारले पाहिजे की, येथे कोणी कोणाचे काय हिरावले? निवारा मागणारा चोर, की तो नाकारणारा?

कथेची एक मर्यादाही नमूद केली पाहिजे. तिचा कळस मारहाणीत असल्याने हिंसा म्हणजेच अन्याय, असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात नकार बहुधा गोड शब्दांत येतो : “खोली कालच दिली.” पांढुर्णा व सौंसर मिळून २०२३ साली नवा जिल्हा झाला. जिल्ह्याच्या गावी नोकरदार व विद्यार्थी खोल्या शोधीत येतात. आणि भाड्याआधी आडनाव विचारण्याची रीत मराठी मुलखास अपरिचित नाही. २०१६ च्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेने किमान २५ चौरस मीटरचे पक्के घर देऊ केले. शासन भिंती देऊ शकते. शेजार देणे त्याच्या हाती नाही.

ख्रिस्ती झालेल्या दलिताची कोंडी तर दुहेरी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने त्यास अनुसूचित जातीचा दर्जा नाही; घरमालक मात्र त्याची जुनी जात विसरत नाही.

आणि आमच्या मंडळीतील घरमालक? बेथलेहेमच्या उतारशाळेत जागा नव्हती, हे आम्ही दर नाताळात सांगतो. यंदा आगमनकाळात धर्मशिक्षणाच्या वर्गात ही कथा वाचावी, आणि ज्यांच्याकडे भाड्याची खोली आहे त्यांस एकच विचारावे : आजवर आपण कोणास परत पाठविले?