मळवलीची चित्रं आणि मराठी लेखणी

राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून बाहेर पडलेलं पहिलं चित्र 'शकुंतलाजन्म' होतं. मेनका तान्ही मुलगी पुढे करते आहे आणि विश्वामित्राने तोंड फिरवून हात आडवा धरला आहे. 1894 साली मुंबईत सुरू झालेला हा छापखाना प्लेगच्या धास्तीने शतकाच्या अखेरीस मावळात, लोणावळ्याजवळच्या मळवलीला आला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला आणि 1972 मध्ये आगीत तो गेला. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा, आणि शिळा बव्हेरियाच्या चुनखडीची. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात राहून परदेशी दगड घासायचा, असा हा उद्योग. इथली लक्ष्मी-सरस्वती देशभरच्या भिंतींवर गेली. दादासाहेब फाळके लोणावळ्यात राहून याच छापखान्यासाठी फोटो-लिथोचं काम करत होते, ते नंतर सिनेमाकडे वळले.

भारतकथेतून आणि कालिदासाकडून चित्राने गोष्ट उचलली, हे ठीकच झालं. चित्राकडून मराठी शब्दाने काय घेतलं, हा माझा प्रश्न आहे.

हिंदीत याचं उत्तर लवकर मिळालं. 'सरस्वती' मासिकाचे संपादक महावीरप्रसाद द्विवेदी यांनी रविवर्म्याची चित्रं कवींपुढे ठेवून कविता लिहवून घेतल्या, आणि 1909 साली 'कविता-कलाप' हा सचित्र संग्रह काढला. त्यात मैथिलीशरण गुप्त आहेत. द्विवेदी मूळचे रेल्वेतले नोकरदार आणि त्यांना मराठी चांगलं येत होतं, म्हणून आपल्याला जरा जास्तच चुटपुट लागावी. त्या कवितांची मर्यादाही उघड आहे. चित्राकडे पाहता पाहता कवीचं लक्ष चित्रातल्या कथेकडे जातं आणि तो पुराण सांगू लागतो. पण निदान चित्र आधी आणि कविता नंतर, हा क्रम तिथे कुणीतरी जाणीवपूर्वक बसवला. मराठीत त्या तोडीचा संग्रह माझ्या पाहण्यात नाही.

आपण वळलो ते चित्रकाराच्या आयुष्याकडे. रणजित देसाईंची 'राजा रविवर्मा' 1984 मध्ये आली आणि आजही वाचली जाते. ती वाचनीय आहेच, पण तिचा जीव माणसात आहे. त्याचे मोह, त्याचं यश, त्याची फरफट यांत. चित्रं त्या आयुष्यातल्या घटना म्हणून येतात. विश्वामित्राचा तो आडवा हात किती कोवळा रंगवलाय, तपस्व्याचा वाटतच नाही, असं थांबून पाहणं कादंबरीच्या वेगाला परवडत नाही. कलावंतावरच्या आपल्या बहुतेक चरित्रात्मक कादंबऱ्यांचं दुखणं हेच आहे: कलावंत हाताशी लागतो, कलाकृती निसटते.

कवितेवरून नवं लिहिणं मात्र आपल्या हाडीमासी आहे. तुकोबांच्या एकांताचा भंडारा डोंगर मावळातच. प्रभातच्या 1936 च्या 'संत तुकाराम' चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेला अभंग लोकांनी इतका सहज तुकोबांचा मानला, की आठवल्यांचं नाव मागे पडलं. कवीला यापेक्षा मोठी शाबासकी नाही आणि यापेक्षा मोठा अन्यायही नाही. पुढे दिलीप चित्रे, स्वतः चित्रंही काढणारा कवी, 'पुन्हा तुकाराम' घेऊन आले, ते अनुकरणाऐवजी नव्या वाचनाच्या वाटेने.

चित्रावरून लिहिण्यात मात्र खरी उंची एकाच माणसाने गाठली, अरुण कोलटकर. जे.जे. कलाशाळेत शिकलेला, जाहिरातीत हयात घालवलेला हा कवी प्रतिमेच्या बनावटीला आतून ओळखत होता. 'भिजकी वही'त (2003) व्हिएतनाममधली नापामने भाजलेली किम आहे, सगळ्या जगाने फोटोत पाहिलेली. फोटोतली मुलगी कायम धावत राहते. कोलटकर तिला फोटोच्या चौकटीबाहेरचं आयुष्य देतात, आणि तरी आपली करुणा मिरवत नाहीत. गद्यात प्रभाकर बरवे यांचं 'कोरा कॅनव्हास' (1990) आहे. चित्रकारानेच वस्तूकडे कसं पाहायचं हे मराठीत सांगितलं, पण त्याचा वारसा कथाकारांनी फारसा उचलला नाही.

आता मळवली स्टेशनवर उतरून भाज्याची लेणी चढा. विहाराच्या भिंतीवर चार घोड्यांच्या रथातली एक आकृती आहे आणि दुसरी हत्तीवर. हत्तीने सोंडेत झाड उपटून धरलंय. कुणी यांना सूर्य आणि इंद्र म्हणतात, कुणी मांधाता राजाची कथा लावतात. अभ्यासकांचं एकमत नाही. लेखकाला यासारखी पर्वणी कुठली! कथा आयती मिळत नाही तिथे निमूटपणे पाहावंच लागतं. कार्ल्याच्या लेण्यात तर पात्रंसुद्धा नावानिशी उभी आहेत. वैजयंतीचा शेठ भूतपाल हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचं कोरून ठेवतो, म्हणजे समीक्षाही दात्यानेच उरकली. धेनुकाकटचा गंध विकणारा सिंहदत्त आहे, यवन दाते आहेत, आणि प्रवेशद्वार घडवणारा वेणुवासाचा मुलगा सामी आहे. तो वर्धकी, म्हणजे सुतार. चैत्याच्या छताला सागाच्या खऱ्या कमानी आजही आहेत, आणि दर्शनी भागात दगडाने लाकडाची नक्कल केली आहे. लाकडात हात बसलेल्या माणसाला दगडात तीच वळणं काढताना काय वाटलं असेल? दा. ध. कोसंबी शिलालेखांवरून धेनुकाकटच्या जागेचा माग काढत होते. ते इतिहासकाराचं काम त्यांनी केलं. सामीचा हात मात्र इतिहासाच्या आवाक्यात येत नाही, तिथे कादंबरीनेच जायला हवं.

लोणावळ्यावर आज लिहिलं जातं ते पाऊस, धुकं, घाट आणि वीकेंड यांवर. त्या कविता माथेरानवर लिहिल्या असत्या तरी चालल्या असत्या. गोनीदांनी तळेगावला राहून 'पवनाकाठचा धोंडी' आणि राजमाचीचा 'बुधा' लिहिला तेव्हा दऱ्याखोऱ्यांना माणसांची नावं मिळाली. लेण्यांच्या वाट्याला तसा लेखक यायचा आहे. दिवाळी अंकांचे संपादक दरवर्षी कथा आधी मागवतात आणि मग चित्रकाराला सांगतात, हिला साजेसं काढा. एखाद्या संपादकाने पुढच्या वर्षी भाज्याच्या त्या हत्तीचा फोटो पाच कथाकारांना पाठवून पाहावा, आणि सोबत माहितीपत्रक अजिबात जोडू नये.