लठ्ठ्यांचं शाहू-चरित्र: जवळच्या माणसाने लिहिलेलं

आजचा शेवटचा मुद्दा एका पुस्तकाचा. अण्णासाहेब लठ्ठे (१८७८–१९५०) राजाराम कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक होते, मग संस्थानच्या शिक्षण खात्यात अधिकारी. पुढे त्यांनी ब्राह्मणेतर चळवळीची बाजू मांडणारं ‘डेक्कन रयत’ हे इंग्रजी साप्ताहिक चालवलं. १९२६ मध्ये ते कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ ते १९३९ या काळात खेर मंत्रिमंडळात अर्थमंत्री. पण हा माणूस समजून घ्यायचा तर १९२४ साली आलेलं त्यांचं शाहू छत्रपतींचं दोन खंडांतलं इंग्रजी चरित्र उघडावं लागतं.

आता गंमत बघा. १९१४ च्या डांबर प्रकरणात याच लठ्ठ्यांवर संशय आला आणि त्यांना कोल्हापूर सोडून बेळगाव गाठावं लागलं. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायला भाऊराव पाटलांनी, म्हणजे पुढच्या कर्मवीरांनी, नकार दिला आणि त्यापायी फार सोसलं. ज्या दरबारात आपल्यावर ही वेळ आली, त्याच राजाचं चरित्र लठ्ठ्यांनी दहा वर्षांनी लिहिलं. कुणी म्हणेल, दिवाणगिरीसाठी लिहिलं. मला हा आरोप फार सोपा वाटतो. वेदोक्ताचा वाद, १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम, सक्तीचं प्राथमिक शिक्षण, या गोष्टींवर लठ्ठ्यांची श्रद्धा महाराजांच्या मर्जीवर अवलंबून नव्हती. राग माणसावर असू शकतो, कामावर नाही, हे त्यांना कळत होतं.

तरीही दोन दोष सांगायलाच हवेत. एक, जवळच्या माणसाचा चरित्रकार वकील होतो. लठ्ठे तर पेशानेच वकील! विरोधकांचं म्हणणं ते मांडतात, ते बहुधा खोडण्यासाठी. दुसरा दोष मला जास्त बोचतो. ज्या रयतेसाठी महाराज झिजले, तिला हे पुस्तक वाचता येत नव्हतं. ते इंग्रज अधिकाऱ्यांना आणि शिकलेल्यांना उद्देशून आहे.

म्हणून विनंती एवढीच, की हे चरित्र एकट्याने वाचू नका. शेजारी विलास संगवे यांनी संपादित केलेले शाहूंच्या कागदपत्रांचे खंड ठेवा. लठ्ठे कुठे गप्प बसतात ते कागद सांगतील. आणि दसरा चौकातल्या जैन बोर्डिंगवरून जाताना आठवा, इथल्या पोरांना शिकवण्यासाठी झटलेल्या माणसाचं पुस्तक त्यांच्याच भाषेत नव्हतं. ती उणीव भरणं आता आपलं काम आहे.