‘धग’ आणि ‘शुद्ध’ : मराठी अध्यापन-समीक्षेतील अजाणता पूर्वग्रह

पूर्वग्रह म्हटला की द्वेष, अवहेलना, उघड भेदाभेद अशी त्याची रूपे डोळ्यांसमोर येतात. परंतु बाळगणाऱ्यालाही ज्याची जाणीव नसते असा पूर्वग्रह बहुधा सौजन्याच्या, क्वचित स्तुतीच्याही भाषेत वावरतो. प्रस्तुत लेखात मराठी साहित्याच्या अध्यापनात व समीक्षेत रूढ झालेल्या दोन शब्दांच्या आधारे त्याचा वेध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाची शीर्षककथा या दृष्टीने महत्त्वाची ठरते. रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी आलेल्या नायकाला जात लपवून राहावे लागते. ती उघड होताच त्याला मारहाण होते. या दोन क्षणांत त्याची वाणी, वर्तन, विद्वत्ता यांत तसूभरही फरक पडलेला नसतो. बदलते ते पाहणाऱ्यांचे ज्ञान. ‘चोरली’ हे क्रियापदही अर्थगर्भ आहे : जी गोष्ट स्वतःचीच आहे ती लपविणाऱ्यास चोर ठरविण्याचा अधिकार कोणाचा? आजही भाड्याने घर शोधणाऱ्यास आडनावावरून अंदाज लागला नाही, की ‘मूळ गाव कोणते?’ असा पुढचा प्रश्न येतो. विचारणाऱ्यास तो आपुलकीचाच वाटतो.

समीक्षेतील अशी आपुलकी ‘धग’ या शब्दात आढळते. दलित आत्मकथनांविषयी लिहिताना अनुभवाची धग, दाहकता, प्रांजळपणा यांचा गौरव होतो. रचनेविषयी मात्र मौन पाळले जाते. वस्तुतः दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आणि दया पवार ही एकाच व्यक्तीची दोन रूपे परस्परांसमोर उभी केली आहेत. भूतकाळ सांगणारा आणि तो ऐकताना अवघडणारा अशी ही विभागणी जाणीवपूर्वक योजलेले निवेदनतंत्र आहे. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आईचे बांबूकाम व लेखिकेचे लेखन यांची वीण एकत्र येते. असे तंत्र नागर मध्यमवर्गीय लेखकाने योजले असते तर आपण प्रथम त्याचीच चर्चा केली असती. अनुभव त्यांचा आणि कला आपली, अशी ही नकळत झालेली वाटणी होय. ‘दलित साहित्य’ या नावाला येथे आक्षेप नाही. ते नाव लेखकांनी स्वाभिमानाने स्वीकारले आहे. आक्षेप आहे तो, मध्यमवर्गीय साहित्य मात्र कोणत्याही विशेषणाविना नुसतेच ‘साहित्य’ राहते, याला.

दुसरा शब्द ‘शुद्ध’. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये चौदा आणि १९७२ मध्ये आणखी चार नियम दिले, ते लेखनाचे. उच्चाराची परीक्षा घेण्यासाठी ते केलेले नव्हते. तरीही तोंडी परीक्षेत ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तर पुरते ऐकण्यापूर्वीच आपले मत तयार होते. ‘ण’चा ‘न’ होणे हे अनेक बोलींचे नियमित वैशिष्ट्य आहे, हे भाषाविज्ञानाच्या तासाला आपणच शिकवितो. बहिणाबाई चौधरी यांची खानदेशी बोली पाठ्यपुस्तकात आली म्हणजे तिचा गोडवा वर्णिला जातो. तीच बोली बोलणारी जळगावकडील विद्यार्थिनी वर्गात उभी राहिली की तिचे उच्चार सुधारले जातात. गुण किती कमी झाले याची नोंद कोठेच राहत नाही. ती विद्यार्थिनी पुढील तासांना बोलणे थांबविते, तेही गुणपत्रिकेत दिसत नाही.

लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी बैठक क्रमांक असतो. परीक्षकाच्या निःपक्षपातीपणाविषयी व्यवस्थेलाच पुरती खात्री नाही, याची ही एक प्रकारे कबुलीच आहे. तोंडी परीक्षेत मात्र नाव, पोशाख, उच्चार सारेच समोर असते. तेव्हा आशय, विवेचन व संदर्भज्ञान यांना किती गुण आणि उच्चाराला गुण द्यावयाचे की नाही, हे पहिला विद्यार्थी आत येण्यापूर्वी दोन्ही परीक्षकांनी कागदावर लिहून ठेवावे, अशी सूचना विभागीय बैठकांमध्ये विचारार्थ घेण्यास हरकत नसावी.