शाश्वत नागरी गतिशीलतेची युरोपीय संकल्पना आणि उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्टा : एक चिकित्सा

प्रस्तावना

शहरातील वाहतूक हा विषय दीर्घकाळ केवळ स्थापत्य अभियंत्यांच्या अखत्यारीतील मानला गेला. रस्ता अपुरा पडला की तो रुंद करावयाचा आणि वाहने अडू लागली की उड्डाणपूल बांधावयाचा, अशी त्यामागील धारणा होती. १९६३ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्युकॅनन अहवालाने या धारणेस धक्का दिला. वाहने सामावून घेण्याच्या शहराच्या क्षमतेला मर्यादा असते, हे त्या अहवालाने स्पष्टपणे मांडले. पुढे युरोपात या विचाराचा विस्तार होऊन ‘शाश्वत नागरी गतिशीलता’ ही संकल्पना रूढ झाली. भारतानेही २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात वाहनांपेक्षा माणसांच्या प्रवासाला प्राधान्य देण्याचे तत्त्व स्वीकारले. तथापि, तत्त्वाचा स्वीकार आणि नियोजनाची प्रत्यक्ष पद्धती यांत मोठे अंतर राहिले. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या सलग वसलेल्या शहरांच्या संदर्भात हे अंतर तपासणे आणि त्याचबरोबर युरोपीय प्रारूपाच्या मर्यादा निदर्शनास आणणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पनेचे स्वरूप

युरोपीय आयोगाने २०१३ मध्ये शाश्वत नागरी गतिशीलता आराखड्याची चौकट पुढे ठेवली. तिच्या मार्गदर्शक सूचनांची दुसरी आवृत्ती २०१९ मध्ये निघाली. तीत आराखडा तयार करण्याचे चार टप्पे व बारा पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांतील तीन सूत्रे विशेष महत्त्वाची आहेत. पहिले, नियोजनाचे क्षेत्र पालिकेच्या हद्दीवरून न ठरविता लोकांच्या दैनंदिन ये-जा करण्यावरून ठरवावे. दुसरे, प्रकल्प निवडण्यापूर्वी उद्दिष्टे निश्चित करून पर्यायांची तुलना करावी. तिसरे, नागरिकांचा सहभाग अखेरीस हरकती मागविण्यापुरता न ठेवता आरंभापासून घ्यावा.

आपल्याकडील चर्चेत मात्र युरोप बहुधा साधनांच्या यादीच्या रूपाने येतो. कोपनहेगनचे सायकलमार्ग, लंडनचा २००३ चा गर्दी-कर, फ्रान्समधील ट्रामगाड्या यांची उदाहरणे दिली जातात. त्यांमागील निर्णयप्रक्रिया दुर्लक्षित राहते. स्टॉकहोमने २००६ मध्ये गर्दी-कराचा सात महिने प्रयोग केला, त्यानंतर सार्वमत घेतले आणि २००७ मध्ये तो कायम केला. या उदाहरणात कराइतकाच निर्णयाचा क्रमही अभ्यसनीय आहे.

तीन शहरे, एक प्रवासक्षेत्र

उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धकाळातील लष्करी छावणीत, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतून उभे राहिले. १९४९ साली त्याला आजचे नाव मिळाले. सुमारे १३ चौरस किलोमीटर क्षेत्रात २०११ च्या जनगणनेनुसार ५ लाखांहून अधिक लोक राहत होते. अंबरनाथला आयुध निर्माणी, विमकोचा आगपेटी कारखाना आणि औद्योगिक वसाहत यांमुळे स्वतःचा रोजगार लाभला; २०११ मध्ये तेथील लोकसंख्या अडीच लाखांच्या वर होती. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये एक लाखाच्या आत होती. ती दहा वर्षांत सुमारे १ लाख ७४ हजारांवर गेली.

प्रशासकीयदृष्ट्या येथे एक महानगरपालिका व दोन नगरपरिषदा आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रत्येक नियोजन प्राधिकरणाचा विकास आराखडा त्याच्या हद्दीपुरता असतो. प्रवासी मात्र ही हद्द जाणत नाही. बदलापूरचा रहिवासी अंबरनाथच्या कारखान्यात जातो, अंबरनाथचा ग्राहक उल्हासनगरच्या बाजारात येतो, आणि तिन्ही शहरांतील नोकरदार कल्याणमार्गे ठाणे-मुंबई गाठतात. युरोपीय संघ व आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना यांनी २०१२ मध्ये स्वीकारलेल्या व्याख्येनुसार, ज्या वस्तीतील किमान १५ टक्के कामकरी मुख्य शहरात कामाला जातात ती वस्ती त्या शहराच्या कार्यक्षेत्रात गणली जाते. हद्दीऐवजी प्रवास हा निकष लावल्यास या तीन शहरांचा वेगवेगळा विचार करणे असमर्थनीय ठरते.

लोहमार्ग आणि रोजगार

कोपनहेगनच्या १९४७ च्या ‘पंचांगुली’ आराखड्याने शहराची वाढ उपनगरी लोहमार्गांलगत, हाताच्या बोटांप्रमाणे व्हावी आणि बोटांमधील हरित पट्टे मोकळे राहावेत, असे ठरविले. कल्याण-कर्जत मार्ग हे नकाशावर असेच एक बोट दिसते. १८५६ पासून येथे लोहमार्ग आहे आणि शहरे त्याच्या दोन्ही बाजूंना वाढली आहेत. परंतु साम्य येथेच संपते. कोपनहेगनने पुढील काळात मोठी कार्यालयेही उपनगरी स्थानकांच्या जवळ आणण्याचे धोरण अवलंबिले. येथे स्थानकाजवळ घरे आली. कार्यालये दूरच राहिली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ सुमारे ६० व बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर आहे. घराच्या किमतीत वाचलेला पैसा प्रवासाच्या तासांत फेडावा लागतो, ही बाब वाहतुकीच्या आकडेवारीत दिसत नाही.

कल्याणच्या पुढे कर्जतकडे दोनच मार्गिका असून उपनगरी, लांब पल्ल्याच्या व मालगाड्या त्यांवरूनच धावत आल्या आहेत. कल्याण-बदलापूर दरम्यानच्या सुमारे १४ किलोमीटरच्या तिसऱ्या व चौथ्या मार्गिकेस मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या ‘तीन-अ’ टप्प्यात २०१९ मध्ये केंद्रीय मंजुरी मिळाली. तोवर बदलापूरच्या वाढीची दोन दशके उलटली होती. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्या एकमेकींजवळून जात असता दारात उभे असलेले प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. घरे आधी व मार्गिका नंतर या क्रमाची किंमत कोण मोजतो, हे त्या घटनेने दाखविले.

प्रकल्प की आराखडा?

या पट्ट्यासाठी योजना नाहीत असे नाही. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो १४, मेट्रो ५ चा उल्हासनगरपर्यंत प्रस्तावित विस्तार, अंबरनाथ व बदलापूर यांदरम्यान चिखलोली स्थानक अशी प्रस्तावांची मालिका आहे. मेट्रो १४ च्या प्रकल्प अहवालासाठी तर इटलीतील मिलानच्या मेट्रो कंपनीचे साहाय्य घेण्यात आले. युरोपीय ज्ञान येथे पोहोचले ते प्रकल्पाच्या तंत्राच्या रूपाने, हे लक्षणीय आहे. मेट्रो हवी की अधिक लोकल, की दोहोंना जोडणारी भरवशाची बससेवा, ही तुलना नागरिकांसमोर आधी मांडली जाणे हा युरोपीय पद्धतीचा गाभा होय. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणानेही सर्वंकष गतिशीलता आराखडा व एकत्रित वाहतूक प्राधिकरण यांचा आग्रह धरला आहे.

भाड्याच्या बाबतीतही हेच दिसते. हॅम्बुर्गमध्ये १९६५ साली विविध वाहतूक संस्थांचा संघ स्थापन झाला आणि प्रवाशास एका तिकिटावर रेल्वे व बस दोन्ही वापरता येऊ लागल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ हे भ्रमणध्वनीवरील उपयोजन ११ वाहतूक सेवांसह सुरू झाले. त्यांत कल्याण-डोंबिवलीची बससेवा होती. २०२४ मध्ये विजेवरील बसगाड्यांसह पुन्हा सुरू झालेली उल्हासनगरची सेवा नव्हती. शिवाय एका पडद्यावर अनेक तिकिटे मिळणे आणि संपूर्ण प्रवासाचे एकच भाडे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या शेअर रिक्षांवर स्थानक ते घर हा टप्पा अवलंबून आहे, त्या तर या विचाराच्या बाहेरच राहतात.

लोकसहभागाच्या अभावाचे बोलके उदाहरण ऑगस्ट २०२२ मधील आहे. साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित लोकल चालविण्यास कळवा व बदलापूर येथील प्रवाशांनी तीव्र विरोध केला आणि मध्य रेल्वेला १० वातानुकूलित फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. जो प्रश्न नियोजनाच्या पहिल्या टप्प्यात विचारावयाचा, तो प्रवाशांना फलाटावर उतरून विचारावा लागला.

युरोपीय प्रारूपाच्या मर्यादा

युरोपीय प्रारूपाचा स्वीकारही चिकित्सेविना करणे योग्य नाही. युरोपीय लेखापरीक्षा न्यायालयाने २०२० च्या अहवालात, शहरे आपल्या धोरणात मूलगामी बदल करीत असल्याचे स्पष्ट चिन्ह दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. चांगला आराखडा म्हणजे चांगले शहर नव्हे, हे तेथेही सिद्ध झाले आहे.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. युरोपसमोरील मुख्य प्रश्न लोकांना खाजगी मोटारीतून बाहेर काढण्याचा आहे. मुंबई महानगर प्रदेशासाठी २००८ मध्ये पूर्ण झालेल्या परिवहन अभ्यासात सुमारे निम्म्या फेऱ्या पायी होत असल्याचे आढळले होते. म्हणजे येथील बहुसंख्य लोक पर्यावरणाच्या दृष्टीने आधीच ‘शाश्वत’ प्रवास करतात; परंतु तो निवडीने नव्हे, तर नाइलाजाने. त्यामुळे आपल्या आराखड्याचा निकष मोटारींची घट हा नसून पायी, बसने व लोकलने जाणाऱ्याची सुरक्षितता व प्रतिष्ठा हा असला पाहिजे. अन्यथा उत्पन्न वाढताच हाच प्रवासी दुचाकीकडे वळेल.

तिसरी मर्यादा अर्थव्यवस्थेच्या स्वरूपाची आहे. उल्हासनगरच्या फर्निचर, कापड व जीन्सच्या बाजारांत हातगाडी, टेंपो आणि पादचारी एकाच रस्त्यावर वावरतात. दुकान, कारखाना आणि घर यांतील अंतर येथे काही पावलांचे असते. १९९० च्या युरोपीय हरितपत्रिकेने पुरस्कारिलेले दाट व संमिश्र शहर येथे गरजेतून आधीच घडले आहे. त्याला शिस्तीच्या नावाखाली विरळ करणे हा विपर्यास ठरेल.

अखेरीस, नदीचा प्रश्न आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारांहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. उल्हास नदीचे पूरक्षेत्र मोकळे राखणे हाही येथील वाहतूक नियोजनाचाच भाग मानला पाहिजे. कोपनहेगनचे हरित पट्टे हे केवळ सौंदर्यासाठी नव्हते. कोठे बांधू नये याचाही तो निर्णय होता.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, युरोपकडून घेण्याजोगी गोष्ट म्हणजे साधने नव्हेत, तर निर्णयाचा क्रम होय : आधी प्रवासक्षेत्र, मग उद्दिष्ट, मग पर्याय आणि शेवटी प्रकल्प. त्या क्रमात भरावयाचा आशय मात्र येथील पादचारी, शेअर रिक्षा, हातगाडी आणि लोकलचे दार यांतूनच आला पाहिजे. तिन्ही स्थानिक संस्था, रेल्वे व महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांनी या पट्ट्याचा एकच गतिशीलता आराखडा करणे ही त्यातील पहिली पायरी होय. त्यासाठी लागणारी प्राथमिक माहिती, म्हणजे कोण, कोठून, कशासाठी व किती वेळ खर्चून प्रवास करतो हे नोंदविण्याचे काम परिसरातील महाविद्यालयांच्या भूगोल, अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभागांना एकत्रितपणे करता येण्याजोगे आहे. ज्यांचे विद्यार्थी रोज याच मार्गावरून वर्गात पोहोचतात, त्या विभागांना हे अभ्यासक्षेत्र परके नाही.